उतारवयात एकमेकांत गुंतलेले आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरीनंतर एकच आजार असलेला माणूस विरळा. मधुमेहाला रक्तदाबाची जोड असते, गुडघे दुखतात, रात्री लघवीला उठावं लागतं, ऐकू कमी येतं. उपचार मात्र बहुतेकदा प्रत्येक आजार एकटाच असल्यासारखे लिहिले जातात. इथली उत्तरं आजार, आणि त्यांची औषधं, जिथे एकमेकांना भिडतात त्या जागांबद्दल आहेत. औषध थांबवणं किंवा डोस बदलणं डॉक्टरांशी बोलूनच करायचं. त्यांना काय विचारायचं आणि घरून काय मोजून न्यायचं, ते खाली दिलं आहे.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि किडनीचा आजार एकाच माणसाला कसे काय होतात?

कारण चारही आजारांची जागा एकच आहे: रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. वाढलेली साखर ते खराब करते, वाढलेला दाब त्यावर आदळत राहतो. किडनी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या लाखो गुंडाळ्यांची गाळणी, त्यामुळे तिला फटका लवकर बसतो. बिघडलेली किडनी मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवते, म्हणून दाब आणखी चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू जाड आणि ताठर होतो. हृदय थकलं की किडनीला रक्त कमी पोचतं, आणि ती आणखी पाणी धरून ठेवते. डोळ्याचा पडदा आणि मेंदू यांतल्या बारीक वाहिन्याही यातून सुटत नाहीत.

म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एक जरी असला तरी वर्षातून एकदा दोन तपासण्या हव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन ईजीएफआरसह (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज), आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर. दुसरी तपासणी फार वेळा राहून जाते. मधुमेहात क्रिएटिनिन चढण्याच्या बरंच आधी लघवीतून अल्ब्युमिन जायला लागलेलं असू शकतं. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करायची, कारण ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचे जोरकस श्रम यांनीही आकडा तात्पुरता वाढतो.

क्रिएटिनिन नॉर्मल आलं, म्हणजे किडनी ठीक ना?

उतारवयात असं धरून चालू नका. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. स्नायू झिजलेल्या माणसात ते मुळातच कमी बनतं, त्यामुळे किडनी मंदावली तरी रिपोर्टवरचा आकडा सभ्य दिसतो.

डोस ठरवताना वापरतात त्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब करून बघा. (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं. क्रिएटिनिन १.१ असलेला, ३० वर्षांचा, ७५ किलोचा पुरुष घ्या: उत्तर मिनिटाला साधारण १०४ मिलिलिटर. तेच १.१ असलेल्या ८२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचं उत्तर येतं सुमारे २८. दोघांच्याही रिपोर्टवर 'नॉर्मल' असंच छापून येतं.

फरक पडतो तो गोळ्यांमध्ये. डिगॉक्सिन, गॅबापेन्टिन, प्रिगॅबालिन, डॅबिगॅट्रान, कित्येक अँटिबायोटिक्स किडनीवाटे बाहेर पडतात आणि मंद किडनीत साचत जातात. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली देत नाहीत, आणि ४५ च्या खाली असेल तर नव्याने सुरू करणं टाळतात. नवीन औषध लिहून मिळालं की वय, वजन आणि शेवटचं क्रिएटिनिन सांगून एकच प्रश्न विचारा: हा डोस या किडनीला चालेल का?

गुडघेदुखीसाठी साधी वेदनाशामक गोळी घेतली तर बिघडलं कुठे?

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, एसिक्लोफिनॅक या एकाच कुळातल्या गोळ्या आहेत. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक वाहिनी यांच्यामुळे आकुंचन पावते. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीत दाब राहत नाही आणि किडनी काही दिवसांत कोलमडू शकते, विशेषतः उलट्या-जुलाब किंवा कडक उन्हाळा असेल तेव्हा. यातल्या दोन गोळ्या आधीपासून नियमित चालू असतात. तिसरी घरातल्या कुणाच्या तरी डब्यातून येते, आणि ती कुठल्याच चिठ्ठीवर नसते.

याच वेदनाशामकांनी रक्तदाब चढतो, हृदय कमजोर असेल तर अंगावर पाणी चढतं, आणि ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

त्याऐवजी दुखऱ्या गुडघ्याला वरून लावायचं डायक्लोफिनॅक जेल. त्यातलं फार थोडं औषध रक्तात जातं. पॅरासिटामॉल घेतलं तर दिवसाचं एकूण प्रमाण सहसा ३ ग्रॅमच्या आत ठेवतात, वजन ५० किलोहून कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर आणखी कमी. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, ते याच बेरजेत धरा. आणि मांडीचा व्यायाम: खुर्चीत ताठ बसून एक पाय सरळ करा, ५ सेकंद धरा, हळू खाली आणा, प्रत्येक पायाने १० वेळा, दिवसातून दोनदा. पहिले दोन-तीन आठवडे फरक जाणवत नाही आणि तिथेच बहुतेक जण सोडून देतात. सोडू नका. गुडघा दुखतो म्हणून चालणं बंद झालं की मांडीचा स्नायू झिजतो, सांध्यावर भार वाढतो, साखर चढते, तोल जायला लागतो. बाकीचे आजार बळावण्याची सुरुवात कित्येकदा या गुडघ्यापासून झालेली असते.

उभं राहिल्यावर भोवळ येते, पण दवाखान्यात बीपी नेहमी बरोबर निघतं. असं कसं?

कारण ते बसवून मोजलं जातं. घरी असं मोजा:

१. ५ मिनिटं शांत आडवं पडू द्या आणि बीपी घ्या.
२. उभं करा. शेजारी कुणीतरी हवंच, आणि मागे खुर्ची.
३. १ मिनिटाने आणि पुन्हा ३ मिनिटांनी मोजा. हात हृदयाच्या पातळीवर आधारलेला हवा. लोंबता ठेवला तर आकडा खोटा चढतो आणि खरी घसरण लपते.

वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर ते भोवळीचं कारण असू शकतं. सकाळी उठल्या उठल्या आणि भरपेट जेवणानंतर तासाभराने असं दोन्ही वेळा मोजा, कारण जेवणानंतरही दाब उतरतो.

इथे बऱ्याच गोष्टी एकत्र येतात: रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिलेलं टॅमसुलोसिन किंवा प्रॅझोसिन, नैराश्याची काही औषधं, मधुमेहाने बधिर झालेल्या नसा, पार्किन्सन्स, आणि कमी पाणी पिणं. प्रोस्टेटची गोळी एका डॉक्टरांनी आणि बीपीची दुसऱ्यांनी दिली असेल तर दोघांनाही हे आकडे दाखवा. तोवर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून, पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली हलवून मगच उठा.

रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. प्रोस्टेटच असणार ना?

असेलही. पण हीच तक्रार बायकांनाही असते, आणि प्रोस्टेटची गोळी घेऊनही फरक न पडलेले पुरुष कमी नाहीत. खरं कारण शोधायला तीन दिवसांची नोंद पुरते. मोजपात्र घ्या, प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह लिहा. झोपल्यानंतरची सगळी आणि सकाळी उठल्यावरची पहिली यांची बेरीज करा. ती २४ तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर शरीर रात्री लघवीच जास्त बनवतं आहे. मग दोष एकट्या मूत्राशयात किंवा प्रोस्टेटमध्ये नाही.

रात्री लघवी का वाढते? दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं पडल्यावर रक्तात परत येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. पायांची सूज हृदय कमजोर असल्याने असेल, ॲम्लोडिपिनमुळे असेल किंवा तासन्‌तास खुर्चीत बसल्यामुळे. झोपेत श्वास अडकण्याचा आजार हेही मोठं कारण आहे. जोरात घोरणं आणि दिवसा पेंग येणं ही त्याची खूण. चढलेली साखर आहेच. उलट दर वेळी लघवी थोडीशीच होत असेल तर मात्र प्रोस्टेट, मूत्राशयाची अतिचंचलता, संसर्ग किंवा बद्धकोष्ठता यांचा विचार करायचा. आतड्यात साठलेला घट्ट मळ मूत्राशयावर दाब देतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

उपाय कारणाप्रमाणे. पायांना सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून आडवं व्हा. लघवीच्या गोळीचा दुसरा डोस संध्याकाळी घेत असाल तर तो दुपारी घेता येईल का, ते विचारा. झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत पाणी कमी घ्या, पण दिवसभराचं तोडू नका. पलंग ते संडास या वाटेवर मंद दिवा ठेवा, पायपुसणं आणि वायर काढून टाका. रात्रीची लघवी, झोपेची गोळी आणि उभं राहिल्यावर उतरणारं बीपी हे त्रिकूट जिथे आहे तिथे खुब्याचं हाड मोडण्याची भीती खरी आहे.

एका गोळीच्या त्रासासाठी दुसरी गोळी, असं खरंच होतं?

होतं, आणि कुणाचा हलगर्जीपणा नसतानाही होतं. ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, ती हृदयाची समजून लघवीची गोळी लागते, तिने सोडियम-पोटॅशियम उतरतं, अशक्तपणा आणि तोल जाणं सुरू होतं. स्मृतिभ्रंशासाठीच्या डोनेपेझिलने लघवी अनावर होते, त्यावर ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, आणि ते डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करून गोंधळ वाढवतं. मळमळीसाठी बरेच दिवस मेटोक्लोप्रमाइड घेतल्यावर हात थरथरतात, हालचाल मंदावते, आणि पार्किन्सन्सचं निदान होतं.

नवी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत नवी तक्रार आली, तर पहिला संशय गोळीवर घ्यायचा आणि नवा आजार नंतर शोधायचा.

किती गोळ्या म्हणजे जास्त?

पाच किंवा जास्त नियमित औषधांना 'बहुऔषधी' म्हणायची पद्धत आहे, पण नुसता आकडा फसवा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा गोळ्या योग्य असू शकतात, आणि तीनच गोळ्यांपैकी दोन नको असलेल्या असू शकतात. ज्येष्ठांमध्ये जपून वापरायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. झोपेच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, जुन्या पद्धतीची सर्दीची औषधं, ग्लिबेनक्लामाइड ही त्यातली घरोघरी सापडणारी नावं. क्लोरफेनिरामिनसारख्या सर्दीच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन आणि मूत्राशयाची काही औषधं एकाच रासायनिक वाटेवर काम करतात: तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणं, डोक्यात गोंधळ. एकेकटी सोसतात, तीन एकत्र आल्या की सोसवत नाहीत.

सहा महिन्यांतून एकदा घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या: गोळ्या, इन्सुलिन, इन्हेलर, डोळ्यांचे थेंब, मलमं, काढे, टॉनिक, 'कधीतरीच' घेतो ती पाकिटंसुद्धा. डोळ्यांचे थेंब विसरू नका. काचबिंदूसाठीच्या टिमोलॉलने नाडी मंदावू शकते आणि दमा वाढू शकतो. कागदावर पाच रकाने आखा: नाव, डोस, वेळ, कशासाठी, कधीपासून. 'कशासाठी' हा रकाना रिकामा राहील ती गोळी आधी चर्चेला घ्या.

कमी करायचं तर एका वेळी एकच. बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणाऱ्या रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या), क्लोनिडिन, स्टिरॉइड, झोपेच्या गोळ्या, फिट्सची, पार्किन्सन्सची आणि नैराश्याची औषधं एकदम बंद केली तर गंभीर त्रास होऊ शकतो.

थायरॉइड, कॅल्शियम, लोह या गोळ्या एकदम घेतलेल्या चालतात का?

नाही. थायरॉक्सिन उपाशीपोटी, नाश्त्याआधी ३० ते ६० मिनिटं, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोह त्यानंतर किमान ४ तासांनी. थायरॉइडचा डोस वाढवत जाऊनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नसेल तर आधी हे अंतर तपासा.

एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) सातच्या खाली आणलंच पाहिजे का?

तब्येत खुटखुटीत असेल तर ७ ते ७.५ च्या खाली हे उद्दिष्ट रास्त आहे. अनेक आजार असतील, विसरभोळेपणा असेल, रोजच्या कामांना मदत लागत असेल तर ८ पर्यंत चालतं. त्याहून नाजूक अवस्थेत आकड्यामागे न लागता साखर फार उतरू नये आणि फार चढूही नये, एवढंच बघतात. साखर घट्ट आवळून मिळणारा फायदा वर्षांनी दिसतो, ती एकदम उतरल्याने झालेलं नुकसान त्याच रात्री.

किडनी मंदावली की इन्सुलिन आणि ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात, म्हणून वर्षानुवर्षं चाललेला डोस अचानक जास्त ठरतो. बीटा ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र येतो; त्याकडे लक्ष ठेवा. साखर ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि ७० च्या वर आल्यावर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

रक्तक्षय असेल तर एचबीए१सी फसवतं. लोहाच्या कमतरतेत ते खरं असतं त्याहून जास्त दिसू शकतं, रक्तस्रावानंतर कमी. अशा वेळी ग्लुकोमीटरच्या नोंदींवर जास्त विश्वास ठेवा.

काल बरी होती, आज काहीतरीच बडबडतेय. स्मृतिभ्रंश सुरू झाला का?

स्मृतिभ्रंश एका रात्रीत येत नाही. तासा-दिवसांत आलेला, कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे डेलिरियम, आणि त्याला तातडीने डॉक्टर हवेत. याचं शांत रूपही असतं: माणूस गप्प, पेंगुळलेला, जेवणाकडे लक्ष नाही. त्रास देत नाही म्हणून घरचे 'आज झोप लागतेय' म्हणतात, आणि तेच जास्त वेळा निसटतं.

डॉक्टर येईपर्यंत बघा: ताप, श्वासाचा वेग, साखर. शेवटची लघवी कधी झाली, ओटीपोट फुगलंय का? शेवटचं शौच कधी? गेल्या दोन आठवड्यांत कुठलं औषध नवं सुरू झालं, कुठलं बंद? पडणं झालं होतं का, विशेषतः रक्त पातळ करणारं औषध चालू असताना? चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं आहे का? लघवी वाढवणाऱ्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. ते उतरलं की अगदी असंच चित्र दिसतं.

आणि विसरणं हळूहळू वाढत असेल तर?

तरी 'वय झालं' म्हणून सोडू नका. बी१२, टीएसएच, सोडियम, हिमोग्लोबिन तपासा. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ कमी होऊ शकतं, आणि त्याची पायातली बधिरता मधुमेहाच्या नावावर खपून जाते. नैराश्यातही विसरायला होतं; फरक असा की बहुधा माणूस स्वतःच त्याची तक्रार करतो. आणि कान तपासा. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? कानातला मळ काढल्यावर 'स्मरणशक्ती' सुधारलेली दिसणं ही नवलाची गोष्ट नाही.

दम लागतो. हृदय की फुप्फुस?

दोन्हीही, किंवा तिसरंच काही, जसं रक्तक्षय. आडवं पडल्यावर दम वाढणं, उशा वाढवाव्या लागणं, पायांना सूज, वजन चढणं हे हृदयाकडे बोट दाखवतं. घरघर, कफ, धूम्रपानाचा इतिहास फुप्फुसाकडे. हृदय कमजोर असल्याचं निदान असेल तर रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणी आहे. दम लागण्याची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर तेवढे दिवस साखर जास्त वेळा मोजा, दुपारनंतरची खास करून.

वजन उतरतंय, साखरही छान येतेय. चांगलंच ना?

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या ५ टक्के घट झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३ किलो, तर कारण शोधायलाच हवं: दात, गिळण्याचा त्रास, नैराश्य, थायरॉइड, कर्करोग, भूक मारणारं एखादं औषध. वजन उतरल्यावर बीपीच्या आणि साखरेच्या जुन्या गोळ्या जास्त होतात, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगा. किडनीचा मोठा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. असेल तर आकडा विचारून ठरवा.

ताकद मोजायला एक सोपी चाचणी: खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाणं, वळून येऊन पुन्हा बसणं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. दर तीन महिन्यांनी वेळ लिहून ठेवा.

उलट्या-जुलाब झाले तर नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीच्या गोळ्या, रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन गटातली औषधं आणि वेदनाशामक तात्पुरती थांबवायला सांगतात, आणि खाणंपिणं नीट सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा चालू करायला. इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करू नका.

थेट रुग्णालयात कधी न्यायचं?

उतारवयात लक्षणं ओळखीच्या रूपात येतीलच असं नाही. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, विशेषतः मधुमेहात: अचानक दम, दरदरून घाम, मळमळ, गळून जाणं. गंभीर संसर्गात ताप नसतोही. एरवी ९७ असणाऱ्याला ९९ हा तापच समजा. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात लुळा, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ लिहा आणि लगेच निघा. ही पक्षाघाताची खूण आहे, आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसो वा न दिसो, डोकं तपासून घ्या. काल स्वतः अंघोळ करणारा माणूस आज उठून उभाच राहू शकत नसेल तर तेवढं कारणही पुरेसं आहे. जाताना औषधांची पिशवी आणि पाच रकान्यांचा तो कागद सोबत घ्या.